चाखलेली वाटी

३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते, मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ते वयाचं. फोनवर आपण दोघी आईच्या गोळ्यांपलीकडे जात नाही. निदान पत्रात तरी जाऊ.

आईचं वाचलं. गिळताना ठसका लागतो. सांभाळणाऱ्या बाईंच्या हातून दोन घास घेते, मग तोंड मिटते आणि दाराकडे बघते. दारात तू उभी असतेस. डॉक्टरांनी मऊ, दाट, गुठळी नसलेलं द्या म्हटलंय. आणि खाली तू लिहितेस, "भरवायचं मला सांगू नकोस. तू तिला घेऊन जा, नाहीतर दुसरी बाई बघ. मी चमचा धरणार नाही."

मी तिला इथे कशी आणू? तिसरा मजला, अरुंद जिना, दिवसभर घराला कुलूप. आणि ती तुझ्याकडे बघते, ताई, माझ्याकडे नाही.

सोबत बारा पाकिटं पाठवते. आमच्या प्रयोगशाळेतलीच, गाजर-बटाट्याच्या दाट लगद्याची. हल्ली तीन इस्पितळांत जातात. पाकीट गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, मग वाटीत काढायचं. आईला ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली. चमचा लहान. एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. बाईंना हे नीट सांग.

इकडे विशेष काही नाही. आमचे सर पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. परवाच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "ह्या पाकिटाचा दाटपणा शेवटच्या घासापर्यंत टिकतो, त्याचं श्रेय हिचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायले.

शेजारच्या खोलीत मिश्रण एकजीव करणारं मोठं यंत्र आहे. ते सुरू झालं की माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर वाजतो. आत एक चमचा आहे, तो हलतो. भांडी धुणाऱ्या मावशी काल म्हणाल्या, "मॅडम, तो चमचा काढा की तिथून. कुणीतरी जेवायला बसून वाट बघतंय असं वाटतं." मी म्हटलं, काढते.

आईला माझा नमस्कार. पाकिटं मिळाल्याचं कळव.

तुझी,
मोजपट्टी

(बाबांनी ठेवलेलं नाव अजून वापरते. चालेल ना?)


११ मार्च

प्रिय ताई,

बारा पाठवली, बारा परत आली. खोकं तेच, दोऱ्याची गाठ तेवढी तुझी, दुहेरी. आत चिठ्ठी होती. "पाकिटं चांगलीच असतील. हात वाईट आहे." त्याखाली, वेगळ्या शाईने, आईचं वजन. एकेचाळीस. मागच्या महिन्यात पंचेचाळीस होतं.

चिठ्ठी मी तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. उत्तर लिहायला बसले की आधी प्रयोगशाळेतलं काही आठवतं, मग ते करायला उठते. आज उठणार नाही.

तुझा हात वाईट नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही. मला ठाऊक आहे.

इस्पितळातला तो व्हरांडा आठव. बाबांना आत नेलं होतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "काहीतरी पातळ फुप्फुसात गेलंय. काय दिलं होतं?" तू म्हणालीस, "हिचं पाकीटच दिलं. पण शेवटी वाटीत पाण्यासारखं झालं होतं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुला विचारलं, "तू पाणी घातलंस का?"

तू म्हणालीस, "नाही गं." मग म्हणालीस, "चमचा एकदा पेल्यात बुडवला होता. खाली पडला म्हणून."

मी म्हटलं, "मग तेच."

डॉक्टरांनी मान हलवली. बाबा त्यानंतर सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत तू किती वेळा म्हणालीस, "एकदाच बुडवला होता," ते मी मोजलं नाही. एरवी सगळं मोजते.

एका ओल्या चमच्याने अख्खी वाटी पातळ होत नाही, ताई. मी तेव्हाही हे जाणत होते. असे ओले चमचे मी दिवसातून पन्नासदा वापरते.

ती पाकिटं बाहेर द्यायची नव्हती. चाचणीची तुकडी होती, मी माझ्या पिशवीतून आणली. बाबांना पातळ गिळता येत नव्हतं, घोटलेला भात आणि घट्ट वरण नकोसं झालं होतं, तू फोनवर रडली होतीस. मी मोठ्या ऐटीत पाकीट फोडलं आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या लेकीनं केलंय." त्यांनी वाटीवर चमचा वाजवला. एकदा. म्हणजे अजून.

ही भाषा तुम्हा दोघांची. पक्षाघाताने बोलणं गेल्यावर तूच त्यांना शिकवलीस. तोंड उघडायला एकाच बाजूने जमायचं म्हणून तू तो चमचा दाराच्या फटीत घालून वाकवलास. प्रत्येक घासानंतर तो त्यांच्या डाव्या हातात द्यायचीस. एकदा वाजवला की अजून, दोनदा की पुरे. मग चमचा परत तुझ्याकडे, परत वाटीत, परत त्यांच्या तोंडात. एका वाटीला पाऊण तास. मी एकदा म्हटलंही होतं, "अगं, इतका वेळ?" तू म्हणालीस, "त्यांना कुठे जायचंय?"

त्या पाकिटाला दाटपणा स्टार्चने आणला होता. स्टार्च लाळेने मोडतो. शाळेत शिकवतात हे. तोंडातून वाटीत परत जाणाऱ्या चमच्याबरोबर दर वेळी थोडी लाळ गेली. पाऊण तासात वाटीच्या तळाशी पाणी झालं. तुझं पाणी नव्हे.

आम्ही दाटपणा यंत्राने मोजला होता. वीस वेळा. तीन तापमानांना. यंत्राच्या दांड्याला तोंड नसतं.

हे मी नुसतं कागदावर ठरवलेलं नाही. करून पाहिलं. त्याच तुकडीचं पाकीट घेतलं, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर खिडकीशी बसले, घड्याळ समोर ठेवलं आणि तुझ्यासारखी जेवले. एक घास, मग चमचा वाटीच्या कडेला ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा घास. दहा मिनिटांनी चमचा तिरपा केला तर घास धरून होता. वीस मिनिटांनी हळूहळू घसरला. अर्ध्या तासाने ओघळला. मला ठसका लागला नाही. मला गिळता येतं. पण मागे कुणीतरी घसा साफ केला, बाबा पेपर वाचायला घेण्याआधी करायचे तसा. मी वळून बघितलं नाही.

त्याच पाकिटातली दुसरी वाटी शेजारी ठेवली होती, ती मी चाखली नव्हती. ती तशीच होती, चमचा उभा राहील इतकी दाट.

मी जेवले तो चमचा बाबांचाच होता. तू घरभर शोधत होतीस, तेव्हा मी म्हटलं, इस्पितळात राहिला असेल. तो माझ्या पिशवीत होता.

इथेच थांबणार होते. सुट्टीचा दिवस आहे, शेजारचं यंत्र बंद आहे, मजल्यावर मी एकटी. आता, हे लिहिताना, ड्रॉवरमध्ये चमचा वाजला. एकदाच.

मोजपट्टी


१२ मार्च

ताई,

कालचं पत्र पोस्टात टाकलं नाही. ते वाचलं तर असं वाटतं, की बिचारीला हे नुकतंच कळलं असावं. तो प्रयोग कधी केला ते मी लिहिलंच नव्हतं. म्हणून हे दुसरं. दोन्ही एकाच पाकिटात घालते, आधी कालचं वाच.

बाबा गेल्यावर अकराव्या दिवशी केला. तीन वर्षं झाली.

बाराव्या दिवशी तू फोन केला होतास. विचारलंस, "खरं सांग, तेवढ्या पाण्याने होतं का गं तसं?" माझ्यासमोर वहीत आकडे होते. मी म्हटलं, "आता त्याचा विचार करू नकोस." तू म्हणालीस, "म्हणजे होतं." आणि फोन ठेवलास. त्यानंतर तू कुणाला भरवलं नाहीस. शेजारच्यांचं तान्हं मांडीवर घेतेस, पण त्याची वाटी आली की उठतेस, असं आईने मला कधीतरी सांगितलं होतं. ती हसत सांगत होती. मीही हसले.

नंतर आम्ही स्टार्च काढून एक डिंक घातला. त्याला लाळ मोडत नाही. लेख छापून आला. त्यात एक वाक्य आहे, "प्रत्यक्ष वापराचे निरीक्षण करताना हा दोष लक्षात आला." ते निरीक्षण म्हणजे बाबा. वाक्य माझं आहे.

अजून एक राहिलं. कालचा तो एक ठोका ह्यासाठी होता, असं मी धरून चालले आहे. यंत्र बंद असताना चमचा का वाजतो, ह्याचं माझ्याकडे उत्तर नाही. इमारत जुनी आहे, नळ हादरतात, असं काही लिहिता येईल. तुला नाही लिहिणार.

बाबांना पाकीट देण्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. आम्ही दहा-बारा जण नव्या मिश्रणाची चव बघत होतो. वाट्या धुवायला गेल्या. मावशी मोरीतूनच ओरडल्या, "मॅडम, तुमचं हे प्रकरण गमतीचं आहे हं. ज्या वाट्या चाखल्यात त्या नुसत्या पाण्याने निघतात. ज्यांना कुणी तोंड लावलं नाही त्या खरवडून खरवडून माझी नखं गेली."

मी म्हटलं, "मग सगळ्या चाखत जाऊ, मावशी. तुमचे कष्ट वाचतील."

सगळे हसले. मावशीही हसल्या. म्हणाल्या, "हसा. मी आपली सांगून ठेवते."

त्यांनी सांगून ठेवलं होतं, ताई. माझ्या क्षेत्रातल्या कुणी सांगितलं असतं तर त्याच दुपारी मी वाटी घेऊन बसले असते. सांगणारी भांडी घासणारी होती. मी ते विनोदात काढलं आणि दोन महिन्यांनी तीच तुकडी घरी आणली. व्हरांड्यात तू "पाण्यासारखं झालं" म्हणालीस, तेव्हा मला मावशींचा आवाज आला. म्हणजे अकराव्या दिवशी नव्हे, त्याच क्षणी. आणि त्याच क्षणी मी तुला विचारलं, पाणी घातलंस का.

आता तुला सगळं माहीत आहे.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणणार नाही. स्वतः करून बघ. घरात कॉर्नफ्लॉवर असेल. दोन चमचे पेलाभर पाण्यात शिजव, दाट झालं की दोन वाट्यांत ओत, कोमट होऊ दे. एक वाटी नुसती ठेव. दुसरीतलं खात राहा, चाटलेला चमचा परत त्याच वाटीत घालत, अर्धा तास. मग दोन्ही तिरप्या कर. वाटी तुझ्या हातात असेल, पाणी कुठेही नसेल. मग माझी पाकिटंही अशीच तपास. ती कसोटीला उतरली तरच आईला दे. आणि उतरली तरी सगळं एकदम वाटीत घेऊ नकोस. तीन-चार घासांपुरतं काढ, ते संपलं की दुसरी वाटी.

खोकं परत पाठवते आहे. वरच्या बाजूला कागदात गुंडाळलेलं आहे ते बाबांचं. वाकवलेली जागा तशीच आहे. दांड्यावर उजवीकडे त्यांच्या दाताची खूण आहे, ती घासून काढण्याचा मी एकदा प्रयत्न केला होता. निघाली नाही.

आज सकाळी मावशींना सगळं सांगितलं. हातातली वाटी त्यांनी बराच वेळ पुसली. मग म्हणाल्या, "बहिणीला सांगितलंत का?" मी म्हटलं, लिहितेय. म्हणाल्या, "मग मला कशाला सांगत बसलात? लिहा."

सरांना उद्या सांगेन. लेखातलं ते वाक्य बदलावं लागेल. टाळ्या परत घेता येत नाहीत, पण वाक्य बदलता येतं.

तू मला पत्र लिहावंस असं मला वाटतं, पण मागत नाही. मागते ते एवढंच, की हे वाचून झाल्यावर दारातून आत जा. आईच्या पलंगाशी बस. चमचा तिच्या हातात देऊन ती भाषा तिलाही शिकव. तिला लवकर येईल, तीन वर्षांपूर्वी ती शेजारी बसून ऐकतच होती.

ड्रॉवर रिकामा केला आहे. दुपारी यंत्र चालू होतं आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलाखाली काही वाजलं नाही. मी काम सोडून ऐकत बसले. वाटलं होतं, सगळं लिहून झाल्यावर दोन ठोके ऐकू येतील. नाही आले.

पुरे कधी म्हणायचं, ते आता तू ठरवायचंस.

तुझी, वाटी न चाखता मोजणारी,
मोजपट्टी