पान्ह्याला कोण सांगणार

ता. ४ फेब्रु. ५८
उठल्या उठल्या सगळ्यांची विचारपूस केली. आमच्या हिचा दमा: "आसा तसोच." माझे गुडघे न विचारलेले बरे. कपिला गाय रवंथ करतेय, म्हणजे ठीक. सूनबाईला म्हटलं, "बरी आसस मा गो?" "होय." एवढंच. बारशाआधीच तिचं बाळ गेलं. परवा माडाखाली पुरलं. पहिलंच. तिच्या नवऱ्याला, आमच्या गणूला, मुंबईला तार केली, तर रजा नाही म्हणतो.
ही तिला रडू देत नाही. "तान्ह्यासाठी रडलंस तर फुडला रवाचा नाय." म्हणजे पुढचंही जगायचं नाही. आमची दोन गेली, तेव्हा हीही रडली नव्हती. सासूने दिलं नाही.

ता. ६
सूनबाईचे डोळे कोरडे. पण शेजारच्या काशीचा नातू रडला की पदर भिजतो. मी मान फिरवतो. डोळ्यांना दटावता येतं, पान्ह्याला कोण सांगणार?
गेल्या साली कपिलेचं वासरू मेलं. कातड्यात गवत भरून पुढ्यात ठेवलं. चाटायची, दूध द्यायची. एक दिवस शिवण उसवली, तर आतलं गवतच खाऊ लागली! तेव्हा हसलो होतो. मग माया अंगातली, की चारचौघांनी शिकवलेली? माझी शाळा चौथीपर्यंत, बाकी आपलं आपण वाचलेलं. कुठे उत्तर सापडलं नाही. थकलो.

ता. ९
काशी दारात. तिची सून तापाने फणफणलेली, दूध आटलं, पोर वरचं घेत नाही. ही म्हणाली, "जिचा पोर गेला, तिच्या मांडयेर देतस? लोक काय म्हणतले?"
"म्हणांदेत. माका पोर जगवूचा आसा."
मी ओटीवरून म्हटलं, "जिचा दूध, तिका इचारा." सूनबाईने नुसते हात पुढे केले.
मग आतून हुंदका. मग मोठ्याने. ही गप्प करायला उठली, आत गेली ती गेलीच. थोड्या वेळाने रडणं दोघींचं. दमेकऱ्याचं वेगळं कळतं. इतक्या वर्षांनी...

ता. १४
काशीच्या सुनेचा ताप उतरला. बाळ तेव्हापासून इथेच, उद्या नेतील. सूनबाई त्याला खाली ठेवत नाही. ही म्हणते, "चार दिसांनी इसारतली." स्वतः मात्र पाठ फिरवून बसलीय.
गणूला लिहिलं: इकडे सगळे बरे, असं लिहवत नाही. रजा नसली तरी पत्र घाल. माझ्या नावे नको. सूनबाईच्या नावे. आजवर तिला कधी आलेलं नाही, पण तिला वाचता येतं. लगेच घाल.