निळ्या पपईवरचं कुंकू

अहो,

पत्र लिहायची मला सवय नाही, माझी शाळा चौथीपर्यंतच. पण काल तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि घरात घोळ होऊन बसलाय. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

फ्रेमवाल्याने तुमचा फोटो वेळेवर दिला नाही. समोरच्या भिंतीला खिळा एकच, त्याच्यावर तुमचं फळांचं चित्र. पोरगं म्हणालं, "यालाच हार घालू, पप्पांच्या हातचंच आहे." घातला हार. सूनबाईने फोटोला लावतात तसा कुंकवाचा टिळाही लावला, ओल्या बोटाने! काच लावली की फळं गुदमरतात, म्हणायचात ना? घ्या आता!

टिळा बसला निळ्या पपईवर. सूनबाई रडायला लागली. शेजारची मीनाबेन म्हणे, "भीनू कपडू मारो ने बा, नीकळी जशे." मी ओलं फडकं फिरवलं. कुंकू तिथेच, फडकं मात्र निळं झालं. मग हात आवरला.

काय वैताग दिलाय या चित्राने! सिल्वासात नवीन होतो आपण. जवळच्या खेरडी गावची बाई टोपली घेऊन दारात आली, मी सीताफळं, केळी, पपई घेतली. तुम्ही सगळी टेबलावर मांडलीत आणि कुणाला हात लावू देईनात. केळी काळी पडली, घरभर चिलटं. पोरगं मागायचं, "पप्पा, एक तरी द्या ना!" तुम्ही म्हणायचात, "बघून खा." असं कुणी बोलतं का लेकराशी?

आणि काढलंत काय? पपई निळी, सीताफळांना कोपरे, टेबल तिरकं. शाळेत पोरांकडून सरळ रेघा मारून घेणारे ड्रॉइंग मास्तर तुम्ही! मी म्हटलं, "अहो, घसरतील ना सगळी!" मान वर न करता म्हणालात, "मी घसरू देतो का?"

थकले हो मी वर्षभरात. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? सांगते, फळं आहेत. "अशी?" हो, अशी. पुढचं मला तरी कुठे कळतं? तुम्ही कधी सांगितलं का? दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा समोर बसून राहते. अजून एकही फळ खाली आलं नाही.

आज फोटो आला. पोरगं स्टूल घेऊन आलं. "आई, चित्र खराबच झालंय. माळ्यावर टाकतो, इथे पप्पांचा फोटो लावू."

"स्टूल जागेवर ठेव."

"अगं, डाग पडलाय. लोक हसतील."

"हसू दे. माझं कपाळ मोकळं, पपईला तरी असू दे कुंकू."

त्याने स्टूल उचलून जागेवर ठेवलं. सूनबाईने डोळे पुसले आणि चहा टाकला.

फोटो स्वयंपाकघरात लावते. जन्मात तिकडे फिरकला नाहीत, आता बसा फोडणीचा ठसका खात!

चित्राला परत पाणी लागणार नाही, हार नाही, खिळाही तोच राहील. शब्द देते. यंदा सीताफळं आली की एक चित्राखाली ठेवीन, काळं पडेस्तोवर. बाकीची आम्ही खाऊ. चिलटांचं मी बघते, फळांचं तुम्ही बघा.

तुमची,
सुमन