पुढे पाठवू नये

सोमवार, ६ एप्रिल. सकाळी ९.१०

शाळा बंद. कारखाना बंद. बागा बंद. उघडी आहेत ती फक्त तोंडं, आणि ती सगळी माझ्याच घरात.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. तिला सुट्टी नाही. सकाळी आठला जाते, पाचला येते, आल्याआल्या थेट बाथरूममध्ये. तोवर पोरं सासूबाईंच्या ताब्यात. सासूबाई चार दिवसांसाठी आल्या होत्या. गाड्या बंद झाल्या आणि त्यांचं फावलं. नातवंडांना इतकं लाडावून ठेवलंय की विचारू नका.

आजपासून घर मी चालवणार. बाटल्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. केसाएवढा तडा माझ्या नजरेतून सुटत नाही. दोन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती!

संकल्प: शांत राहायचं. आवाज अजिबात चढवायचा नाही.

त्याच दिवशी. ११.४०

साहेबांची व्हिडिओ मीटिंग. मैना मध्येच धावत आली. मुंगी साखरेचा दाणा ओढत नेतेय, लवकर चला म्हणे. मैना आमची थोरली, वय सात. बडबडीवरूनच नाव पडलं. डोळा उघडला की टकळी सुरू, ती झोपेपर्यंत.

मी तिला समजावलं. म्यूट करायचं राहिलं. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? अकरा जणांसमोर! एका मुंगीपायी.

संकल्प उद्यापासून.

गुरुवार, ९ एप्रिल

कपाटात कारखान्याच्या लाल चिठ्ठ्यांचं अख्खं पॅड सापडलं. नापास मालावर चिकटवतो त्या. वस्तू, दोष, सही, आणि खाली ठळक छापलेलं: पुढे पाठवू नये. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही? ओरडायचं नाही, मारायचं नाही. चूक दिसली की चिठ्ठी. शास्त्रशुद्ध.

पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या: सांडलेलं दूध. भिंतीवरचा खडू. मैनाचा चित्रकलेचा कागद (सूर्य हिरवा). सासूबाईंचा डबा (झाकण दुसऱ्याच डब्याचं). सासूबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल डगमगायचं थांबलं. मुद्दाम केलं.

शनिवार, ११ एप्रिल

धाकट्याने गादी ओली केली. साडेतीन वर्षांचा घोडा! वर्षभर कोरडा होता. गादीवर चिठ्ठी लावली. सासूबाईंनी ती टरकावली आणि म्हणाल्या, जावईबापू, पोराने तुमची धास्ती घेतलीय. काहीतरीच. मूळ कारण शोधणं हा माझा धंदा आहे. कारण एकच, पोरगा पाणी फार पितो. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद.

सोमवार, १३ एप्रिल

आजही गादी ओली. चौकशी केली. पठ्ठ्या बादलीतलं पाणी पितो! मैनाने मगाने पाजलं. म्हणजे कट आहे. दोघांना चिठ्ठ्या. मैना काहीतरी सांगायला लागली होती. तिला म्हटलं, तुझं ऐकायला मला वेळ नाही, तोंड मिटून बस. हे शांतपणेच म्हटलं. घर लहान आहे, आवाज घुमतो.

मंगळवार, १४ एप्रिल

शाळेच्या समुपदेशक बाईंनी पालकांसाठी फॉर्म पाठवला. मुलांचं मानसिक स्वास्थ्य वगैरे. रिकामटेकडेपणा. मुलं नीट झोपतात का? हो. मोकळेपणाने बोलतात का? हो. शेवटचा प्रश्न: तुम्ही स्वतः किती ताणात आहात? फॉर्म मुलांचा आणि चौकशी माझी! तो कोरा सोडला. पेनचं टोक कागदातून आरपार गेलं. हल्ली कागद फार हलका येतो.

बाईंचा फोन आला. मैनाशी बोलायचंय म्हणाल्या. मैनाने फोन कानाला लावला आणि तशीच उभी राहिली. दोन मिनिटं. मी सांगितलं, नेटवर्क नाही. बाई म्हणाल्या, तुमचा आवाज तर स्वच्छ येतोय. आगाऊ बाई.

गुरुवार, १६ एप्रिल

यश! मैना दिवसभर गप्प. कालही गप्प, परवाही. तीन मीटिंगा निर्विघ्न. मी खोलीत आलो की दोन्ही पोरं उठून भिंतीशी उभी राहतात. न सांगता. अठरा वर्षांत कारखान्यात हे जमलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोला अभिमानाने सांगितलं. ओल्या केसांनी तशीच खाली बसली. म्हणाली, मुलगी तीन दिवस बोललेली नाही आणि तुला आनंद झालाय? मी म्हटलं, याला शिस्त म्हणतात. ती म्हणाली, याला धसका म्हणतात. मग मी तिला शांतपणे चार गोष्टी ऐकवल्या. दिवसभर दुकानात मिरवायचं आणि घरी येऊन शहाणपणा शिकवायचा! खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं. लोकांना दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची सवयच असते.

शनिवार, १८ एप्रिल

खोकला. अंगात कणकण. टेस्ट केली, पॉझिटिव्ह निघालीच. हे दुखणं घरात आणलं कोणी ते मी बोलणार नाही. (बायकोने.) तिची टेस्ट निगेटिव्ह. यंत्रं बेभरवशाची.

चौदा दिवस आतल्या खोलीत एकटा. बायको म्हणाली, काळजी करू नकोस. हे म्हणताना चेहरा जरा जास्तच टवटवीत वाटला. हरकत नाही. दाराखालून लेखी सूचना सोडणार. कारभार आतून चालेल.

मंगळवार, २१ एप्रिल

सासूबाई दाराबाहेर ताट ठेवतात, पळीने दार बडवतात आणि जातात. कैद्याला बरं वागवत असतील.

वरच्या मजल्यावर कोणाची तरी पोरगी आहे. दिवसभर बडबड, खिदळणं, गाणी. आईबापांनी वळण म्हणून लावलेलं नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर तक्रार टाकली. सेक्रेटरीचं उत्तर: वरचा फ्लॅट महिनाभर रिकामा आहे. त्याला काय कळतंय, तो तळमजल्यावर राहतो.

शुक्रवार, २४ एप्रिल

दाराआडून बायकोला विचारलं. गादी पाच दिवस कोरडी! तिला म्हटलं, बघ, पाणीबंदीचा परिणाम. ती म्हणाली, पाणी तो हवं तेवढं पितो. मग हा माझ्या लेखी सूचनांचा परिणाम. एकवीस पाठवल्या. टेबल आता अजिबात डगमगत नाही, असंही म्हणाली. तिथे लक्ष दिलं नाही.

शनिवार, २५ एप्रिल

दाराखालून कागद आला. मैनाचं अक्षर. बाबा, अजून किती दिवस?

डोळ्यांत पाणी आलं. खोकल्याने येतं. शेवटी रक्ताचं नातं! लेकीला बाप हवा असतो. लिहिलं, सात दिवस, धीर धर. कागद परत सरकवला.

बुधवार, २९ एप्रिल

रोज कागद येतो. सहा? पाच? चार? आज: तीनच? त्या ‘च’मध्ये किती माया आहे! बायको म्हणते पोरं मजेत आहेत. बाहेरून मजेत दिसत असतील. आतून झुरताहेत. बापाला कळतं.

वरची पोरगी आज मुंगीची गोष्ट सांगत होती. मुंगी साखरेचा दाणा कुठे नेते, घरी तिची कोण कोण माणसं आहेत, वगैरे. लांबलचक. बरी सांगते. शेवट ऐकायचा म्हणून दाराला टेकून बसलो होतो. करायला दुसरं काही नव्हतं.

शनिवार, २ मे. सकाळी १०

रिपोर्ट निगेटिव्ह! खोकला शून्य. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरांना सरप्राइज. नवा संकल्प: आवाज चढवायचा नाही. पॅडसुद्धा फेकून देईन. कदाचित.

त्याच दिवशी. १०.२५

दार उघडलं. स्वयंपाकघरातून वरच्या पोरीचा आवाज येत होता.

गेलो. मैना ओट्यावर बसून पाय हलवत धाकट्याला काहीतरी सांगत होती. हातवारे करून. मी दिसलो आणि तिचा शब्द अर्ध्यातच तुटला. उडी मारून खाली उतरली, भिंतीशी जाऊन उभी राहिली. धाकटा तिच्या शेजारी. मी हसलो. आवाज चढवला नाही, शप्पथ, तोंडही उघडलं नाही. धाकट्याच्या चड्डीतून फरशीवर ओघळ आला.

सासूबाई फडकं घेऊन खाली वाकल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी फरशी पुसली आणि धाकट्याला कडेवर घेतलं.

परत फिरलो तेव्हा खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, लाल चिठ्ठी दिसली. वस्तू: बाबा. दोष: आवाज. सहीच्या जागी ‘मैना’, आणि शेजारी धाकट्याचा खडूचा गिरगोटा. खालची ओळ छापीलच.

सगळे रकाने बरोबर भरलेत. चूक काढायला कुठे जागा नाही.

१०.४०

घशात खवखवतंय. रिपोर्टवर माझा विश्वास नाही. आणखी चौदा दिवस आत राहतो, सगळ्यांच्या तब्येतीच्या दृष्टीने तेच बरं. चिठ्ठी दारावर तशीच ठेवली आहे. आतून कडी लावली.

१०.५५

वरची पोरगी पुन्हा बोलायला लागली.