बटन कोणी दाबलं होतं

अब्बा, गेल्या मंगळवारी दुपारी मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी सुन्न आहे. ती तुम्हाला वीस-बावीस वर्षांपूर्वीच कळली होती, असं मला वाटतं. वाटतं काय, खात्रीच आहे. घरात आपण हिंदी बोलायचो, पण वायरलेसचं जे काही मी शिकले ते वरोऱ्याच्या आपल्या वायरलेस दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तुमच्या दुकानातल्या मराठीत, म्हणून हे मराठीतच लिहिते आहे. तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आता आली आहे, आणि नसलेल्या माणसावर रागवायचं कसं ते मला कळत नाही.

मी सध्या जंगलाला लागून असलेल्या एका धरणावर काम करते. गावच्या समितीने तिथे कयाक ठेवल्या आहेत, म्हणजे एका माणसाने बसून दोन्ही बाजूंनी वल्हवायच्या निमुळत्या, हलक्या नावा. सकाळी पर्यटक येतात. पुढे एक गाइड, मागे एक गाइड, दोघी गावातल्याच बायका. दोघींकडे एकेक हातातला वायरलेस आणि तिसरा माझ्याकडे, काठावर. हे सेट समुद्रावरच्या नावांसाठी बनवलेले आहेत. तुम्ही ते दिवसभर हातातून सोडले नसते. पाण्यात पडले तर बुडत नाहीत, तरंगतात, वर दिवाही लागतो. मी ते रोज स्वच्छ पाण्याने धुते, स्पीकरच्या जाळीतला गाळ ब्रशने काढते, चार्जिंगच्या झाकणाखालचं रबरी वायसर बोटाने चाचपते, कारण तिथे एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं. नव्या गाइडला पहिल्या दिवशी तुमचंच शिकवते. आधी ऐका, मग बटन दाबा, एक मोजा, मग बोला, आणि बोलून झालं की अंगठा उचला. एकाने बटन दाबून ठेवलं तर त्याला कोणाचं ऐकू येत नाही आणि बाकीच्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. लहानपणी मी दुकानात बटन दाबून गाणं म्हटलं होतं तेव्हा तुम्ही माझ्या अंगठ्यावर पेचकसाची मूठ मारली होती. "तुह्या गाण्यापायी तिकडं कोनी मरन," म्हणाला होतात. मी रडले नाही, एवढी घाबरले होते.

आणखी एक गोष्ट तुमचीच उचललेली. सेटला प्लॅस्टिकची पन्नी चढवायची आणि अँटेनाच्या बुडाशी, गळ्याला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर बसवायचा. तुमच्याकडचे सेट साधे होते, चार थेंबांत बंद पडायचे, तेव्हा पन्नी हवीच होती. माझ्या सेटना तिची काही गरज नाही. तरी मी ती चढवत होते. धरणाचा गाळ फार चिकट आहे, धुताना वैताग येतो, हे कारण मी सांगायची. खरं म्हणजे पन्नीशिवाय सेट पाण्यावर पाठवायला माझं मनच घ्यायचं नाही. ट्यूबच्या रिंगा मी अजूनही तुमच्यासारख्या तिरक्या कातरत होते.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी वारा सुटला आणि शेवटची कयाक उलटली. तीत नागपूरच्या एक शिक्षिका होत्या, पन्नाशीच्या. धरणात जुन्या जंगलाची वाळलेली खोडं उभी आहेत, त्यातल्या एकावर त्यांचा हात आपटून मोडला आणि दुसऱ्या हाताने त्या त्याच खोडाला धरून राहिल्या. मागची गाइड वायरलेसवर ओरडून राहिली होती आणि मला काठावर त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला ऐकू येत होता वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज आणि पुढच्या गाइडचं गुणगुणणं. ती गोंड आहे, वल्हवताना स्वतःशीच त्यांच्यातलं एखादं गाणं म्हणते. तिचा सेट चालू राहिला होता आणि त्याने चॅनल अडवलं होतं. मी "बटन सोड, बटन सोड" म्हणत बसले, जे तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. शेवटी मागचीने शिट्टी फुंकली, ती एका मासेमाऱ्याने ऐकली आणि त्याने डोंगा नेला. बाई वाचल्या. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांचा हात बसवला.

समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, सेटमध्ये काही खोट होती का. मी तो सेट तिच्या जॅकेटच्या खिशातून काढून, पन्नी सोडवून तिथेच तपासला होता, बटन मोकळं होतं, बॅटरी भरलेली होती, आत पाणी नव्हतं. मी म्हणाले, "सेट चांगला आहे. बटन दाबलं गेलं ते हातानेच." मला तसंच वाटत होतं, अब्बा, हे तुम्ही लक्षात घ्या. पुढच्या बैठकीत तिला काढायचं ठरत आलं. तिचा नवरा नाही, दोन मुली शाळेत आहेत, आणि गावात तर बायका तिला तोंडावरच म्हणायला लागल्या की तुझ्या गाण्याने मास्तरीणबाई मेल्या असत्या. ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली. "बाई, मी बटन दाबलं असं मले आठवत नाई. माह्ये दोन्ही हात वल्ह्यावर होते. पन तुम्हाले त्यातलं समजते. तुम्ही म्हणता त दाबलंच असन." मी तिला बस म्हणाले नाही. मला ते बोलणं कुठेतरी आधी ऐकल्यासारखं वाटलं आणि मी तो विचार झटकला.

मग मंगळवार. मी टेबलावर दोन सेट धुऊन पुसून ठेवले होते. एकाला पन्नी चढवली, रबर बसवला आणि खुंटीला टांगलेल्या लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या खिशात तो कोंबला. टेबलावरचा सेट एकदम किंचाळला. जवळजवळच्या दोन सेटांपैकी एक बोलता असला की दुसरा असा किंचाळतो. मी खिशातला सेट ओढून काढला. रबर खिशाच्या काठाला घासून गळ्यावरून खाली सरकला होता आणि बाजूच्या बटनावर घट्ट बसला होता. बाहेर ओढताना तो पुन्हा वर सरकला, माझ्या डोळ्यांदेखत, आणि सगळं पूर्ववत. मी परत करून पाहिलं. पाच वेळा केलं, तीनदा रबर बटनावर गेला आणि काढताना दोनदा आपोआप जागेवर आला. हात कोणाचाच नव्हता, जॅकेट खुंटीला होतं. मी खाली फरशीवरच बसले, आणि बसल्या बसल्या मला तुमचं दुकान दिसलं.

मी दहावीत आहे. नदीला पूर आला आहे, माजरीकडच्या एका गावाला पाण्याने वेढा घातला आहे आणि तुम्ही दुकानातले सेट माणसं काढायला चाललेल्यांना देऊन राहिला आहात. दोन डोंगे, दोन सख्खे भाऊ नावाडी. थोरला पुढे, धाकटा मागे, सेट दोघांच्याही कमरेला खोचलेले. तुम्ही पन्न्या चढवता आहात आणि मी शेजारी बसून ट्यूबच्या रिंगा कातरते आहे, पटापट, कारण आपल्याकडून काहीतरी मोठं काम होतं आहे म्हणून मला आनंद झाला आहे. त्या दिवशी मागचा डोंगा बुडालेल्या विजेच्या खांबावर आदळला. त्यातल्या माणसांनी वायरलेसवर हाका मारल्या. तुमच्या काठावरच्या सेटवर फक्त पाण्याचा आवाज आणि थोरल्याचं धापा टाकणं येत होतं. बाकीचे वाचले, धाकटा भाऊ गेला. लोक म्हणाले, थोरल्याने घाबरून बटन दाबून धरलं, सख्ख्या भावाची हाक दाबली. कोणीतरी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही चारचौघांत सांगितलंत, सेटमध्ये खोट नव्हती.

तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. पण चार-सहा दिवसांनी तुम्ही दुकानामागे ट्यूबच्या सगळ्या रिंगा एका डब्यात घालून जाळल्यात. काळा धूर, घाण वास, शेजारचा शिंपी ओरडायला आला. अम्मीने साखरेच्या पुड्याला रबर लावला होता तो तुम्ही तोडून फेकलात आणि तिच्यावर कधी नाही ते ओरडलात. आम्हाला वाटलं, माणूस गेल्याचं दुःख आहे. आणि त्यानंतर, अब्बा, त्यानंतरच तो थोरला नावाडी दुकानात आला होता. मी चहा आणून दिला म्हणून मला आठवतं. तो स्टुलावर बसून आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. "भाऊ, मले त बटन दाबल्याचं आठवत नाई. पन तुम्ही मिस्त्री हा. तुम्ही म्हणता त दाबलंच असन." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या भाऊ. झालं ते झालं." आणि त्याच्याकडे पाठ करून सोल्डरिंग करायला लागलात. हातात काही तुटलेलं नव्हतं, नुसताच धूर निघत होता.

तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, ते तुमचं आणि त्याचं. पण मला तरी सांगायचं होतं. ट्यूबचा रबर लावू नको, एवढंच. तुम्ही कारण न देता एक गोष्ट बंद केलीत, मी ती विसरले, आणि हाताने मात्र आधीचंच लक्षात ठेवलं. त्या शिक्षिकाबाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं ते तुमच्या गप्प बसण्याने गेलं, असं मी मंगळवारी फरशीवर बसून मोठ्याने बोलले. मला स्वतःची भीती वाटली, कारण मी तुम्हाला कधी उलट उत्तरसुद्धा दिलेलं नाही.

बुधवारी बैठक होती. मी जॅकेट, दोन सेट, पन्नी आणि रबर घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर करून दाखवलं. पहिल्यांदा रबर सरकलाच नाही आणि लोक माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा सेट किंचाळला. मी म्हणाले, चूक माझी आहे, तिने काही केलेलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मंग ती कामावर राहीन, विषय संपला." ती मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही. ती म्हणाली, "मंग त्या दिशी तुम्ही इतकं पक्कं काऊन बोलल्या बाई? माह्या पोरींनी आयकलं ना ते." मी माफी मागितली. तिने "हव" म्हटलं आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, सेट बिनपन्नीचा घेतला, वल्हवू लागली. गाणं मात्र म्हणत नाही.

एकदा बोलल्यावर पुढचं सोपं जाईल असं मला वाटलं. थोरला नावाडी अजून आहे, मी चौकशी केली, नदीकाठच्या त्याच गावात. काल सकाळी बस धरून गेले. म्हातारा झाला आहे, एका डोळ्याने दिसत नाही. त्या पुरानंतर त्याने डोंगा पाण्यात घातलाच नाही, लोकांच्या शेतात मजुरी केली. धाकट्याची बायको त्याच्याशी आजही बोलत नाही, एका अंगणात राहून. मी कोणाची कोण हे सांगितल्यावर त्याने सुनेला चहा टाकायला लावला आणि मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला. मी वाटेत वाक्य पाठ करून आले होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "तुह्ये अब्बा लय भले मानूस होते, बेटा. साऱ्या गावानं मले बोल लावला. त्याईनं एक शब्द नाई काढला. झालं ते झालं, म्हणाले. त्याच्यावरच मी इतके साल काढून राह्यलो." चहा आला. त्याने बशी माझ्याकडे सरकवली आणि मी बोलायची वाट बघत राहिला.

मी म्हणाले, "हो, भले होते."