खालच्या फांद्या

बेलापूर,
कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८६८

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी धाकट्या काकासाहेबाचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व कुशल आहे (सर्व म्हणजे मी एकटाच). तुझी कंबर व भावोजींचा खोकला उतारास लागला असेल, अशी आशा करतो.

तुझी भावजय पुष्पावती वारल्यापासून तिच्या देव्हाऱ्यातील पूजा माझ्याकडे आली. ती माझ्याने निभावत नाही, म्हणूनच घर बंद करून देवांसह पुणतांब्यास तुझ्याकडे राहावयास येण्याचे मी मान्य केले व तू सोमवारी बैलगाडी पाठविण्याचे ठरविलेस. तत्पूर्वी एक दिवस तरी पूजा यथासांग व्हावी, या हेतूने काल पहाटे स्नान करून तिची परडी घेतली आणि ती ज्या आळीतून रोज फुले आणीत असे, त्या आळीत निघालो. (कोट व टोपी घातली होती. लोकांच्या दारी बोडक्याने जाणे मला पसंत नाही.)

दुसऱ्याच्या कुंपणातील फूल तोडण्यापूर्वी मालकाची अनुमती घ्यावी, असे माझे मत आहे. परंतु देवाची फुले येथे कोणीही विचारून नेत नाही. त्यामुळे पहाटे कोट घालून कडी वाजविणारा गृहस्थ कोणीतरी गेल्याचे सांगावयास आला असावा, असे भिमाजीच्या आईने धरले व रडण्यास प्रारंभही केला. खुलासा होताच तिने मला बसवून चहा पाजला. (पूजेपूर्वी मी पाणीही घेत नाही, पण नुकत्याच रडून उठलेल्या बाईस नाही कसे म्हणावे?) पुढच्या घरीही चहा झाला. त्याच्या पुढच्या घरीही.

अखेर शरिफाबींच्या जास्वंदीपाशी मी न विचारता हात उंचावला, तर त्या नेमक्या दारातच उभ्या. म्हणाल्या, "मास्तर, वरची आमची. खालची बाईंची. त्यांचा हात पुरायचा न्हाई, म्हनून खालच्या फांद्या आमी छाटतच न्हाई."

मी मागे वळून पाहिले. आळीतल्या प्रत्येक कुंपणाला, पुष्पावतीच्या खांद्याएवढ्या उंचीवर, एखादी तरी फांदी तशीच राखलेली होती. उरलेली फुले मी वाकूनच तोडली. (माझी कंबरही आता तुझ्या कंबरेसारखी झाली आहे.)

घरी येतो तो आमच्या परसातल्या तगरीची फुले शेजारच्या रंगुबाई ओच्यात भरीत होत्या. मी खाकरलो. त्या जराही दचकल्या नाहीत.

"बाईंनी माझ्या देवासाठी राखलीया ही. तुमी कुलूप लावून चाललाव म्हनं. मग मी कुटं जायचं, मास्तर?"

मी परडी घेऊन आत गेलो. पूजा केली. पोटात तीन घरचा चहा होता. देवांनी ते मनावर घेतल्याचे दिसले नाही. छातीवरचे ओझे मात्र बरेच उतरले, आणि दुपारी मी चक्क घोरलो, असे रंगुबाई सांगतात. आज कोणासही विचारले नाही. भिमाजीच्या आईने तरीही चहा पाजला.

तुझा आज्ञाधारक,
काकासाहेब

ता. क. : सोमवारी बैलगाडी पाठवू नये. देव व मी येथेच राहू.

पुन्हा ता. क. : गाडी निघालीच असेल, तर तीतून तुझ्या दारच्या पिवळ्या कण्हेरीचे एक रोप यावे. कुंपणाशी जागा आहे. रंगुबाईही ठेंगण्याच आहेत. खालच्या फांद्या मी छाटणार नाही.