दारावरची मराठी पाटी

वेस्ट मांबलम, मद्रास
१५ फेब्रुवारी १९६५

तीर्थरूप अण्णांस,
धाकटी बहीण कृष्णवेणी हिचा नमस्कार. इथे आम्ही ठीक आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? पाकिटावर पत्ता तमिळमध्ये लिहिला म्हणून रागावू नका, तुमच्या गावच्या पोस्टमनला तो वाचता येतोच. सध्या आपली अक्षरं दिसली की लोकांना हिंदी वाटतं.

वसंता बरी आहे. मुलाकडचे तिला बघायला येणार होते, ते मात्र थोडं पुढे ढकला. कॉलेजं बंद आहेत, असं काहीतरी सांगा.

अण्णा, ती हिंदीच्या सक्तीविरुद्ध लढणाऱ्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत गेली आहे. हे म्हणाले, "मत द्यायचं वय नाही तुझं, कशाला पडतेस यात?" ती म्हणाली, "मत नाही म्हणूनच रस्त्यावर जावं लागतं, अप्पा." यांची नोकरी केंद्र सरकारची. तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

शुक्रवारी दुपारी तिच्याच संघटनेची पोरं डांबराची बादली घेऊन गल्लीत शिरली. हिंदी पाट्यांना काळं फासत होती. आमच्या दारावर सासऱ्यांनी लावलेली 'तुळजाप्रसाद' ही पाटी. मी कडी लावायला धावले. वसंताने मला बाजूला सारलं, दार उघडलं आणि पाटीसमोर उभी राहिली.

"हे मराठी आहे. माझ्या घरची भाषा," ती तमिळमध्ये म्हणाली. "आपल्यावर भाषा लादू नका म्हणतो ना आपण? मग माझी का पुसता?"

पुढच्या पोराने, पद्मनाभ त्याचं नाव, बादली आमच्या पायरीवर ठेवली. मान खाली घातली.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. पोरं पळाली. ही तिथेच. इन्स्पेक्टरने बादली पाहिली, विचारलं, "तूही त्यांच्यातलीच?" नाही म्हणाली असती तर सुटली असती. ती "हो" म्हणाली.

अण्णा, वसंता घरात नाही. तुरुंगात आहे.

काल भेटलो. ओठ सुजला होता, पडले म्हणाली. संघटना सोडते असं लिहून दिलं तर सोडतील. यांनी हात जोडले तिच्यापुढे. मीही समजावायचं ठरवून गेले होते. तिच्याकडे पाहिलं आणि मला एवढंच विचारता आलं, "जेवलीस का?"

रस्त्यात बूट वाजले की मी खिडकीशी धावते. तुम्ही या. मामाचं ऐकेल ती. पण लिहून दे, असं सांगायला येऊ नका. नुसते या.

वसंताची आई,
कृष्णवेणी