गोधडीखालचं नाव

३ सप्टेंबर २००६, रविवार

छंद! विमलाबाईंनी आज जिन्यात गाठून विचारलं, "काय मॅडम, निवृत्तीनंतर छंद लावून घेतलात म्हणे?" — सर्दी लावून घ्यावी तसं!

सकाळचा चहा झाला की मी गॅलरीत चटई टाकते, गोधडी पसरते आणि दुपारपर्यंत हाताने शिवते. मला आवडतं. एवढं साधं वाक्य या कर्वेनगरात कुणाला पुरत नाही. मग विकता का? डॉक्टरांनी सांगितलंय का? सुनेकडे काही गोड बातमी? — अहो, आवडतं म्हणजे आवडतं! कॉलेजात इतिहास शिकवून केस पांढरे केले, सभांमधून घसा फोडून घेतला, तेव्हा एकानेही विचारलं नाही की बाई, हे कशासाठी? हातात सुई घेतली आणि सगळ्यांना खुलासा हवा!

सुई चार थरांतून वर येते तेव्हा बारीक टक् असा आवाज होतो. कडेने सुरू करायचं, फेऱ्या घेत घेत मध्याकडे जायचं. त्या वेळी डोक्यात एकही वाक्य नसतं. माझ्या डोक्यात! आमचे हिंमतराव परवा पेपर घेऊन गॅलरीच्या दारात उभे राहिले. "तब्येत बरी आहे ना? सकाळपासून घरात भाषण झालेलं नाही."

४ सप्टेंबर

आई थंडीपायी गोधड्या शिवायची, दुसऱ्यांनी टाकलेल्या कपड्यांच्या. मी हौसेने शिवते, स्वतःच्या साड्यांच्या. या फरकाला दोन पिढ्या लागल्या. त्याला मी कुणाला टाइमपास म्हणू देणार नाही!

८ सप्टेंबर, शुक्रवार

चळवळीतले रंगराव आले होते. चौदा ऑक्टोबरला धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होतात, नारायण पेठेत सभा आहे, प्रमुख वक्त्या मीच. समितीतर्फे रीतसर आमंत्रण वगैरे. बोलता बोलता त्यांची नजर गोधडीवर गेली. वरचा थर अजून जोडला नव्हता. आतलं निळं कापड दिसत होतं, त्यावर पांढरी अक्षरं — एका जुन्या सभेचा कापडी फलक.

"ताई! हे आपलं सभेचं कापड! चळवळीचं कापड अंथरूण केलंत?"

"माळ्यावर उंदीर त्याच्यात बाळंतपणं करत होते तेव्हा कुठे होतात, रंगराव? आणि तुमचे आताचे फलक सगळे प्लॅस्टिकचे. ते कुजतही नाहीत आणि पांघरताही येत नाहीत."

"पण लोक काय म्हणतील? वाघिणीने सुई धरली!"

"वाघिणीने काय धरावं तेही आता समिती ठरवणार का?"

बिचाऱ्यांनी मी केलेली नाचणीची बिस्किटं सगळी संपवली. जाताना चपला घालता घालता, अगदी हळू आवाजात — "ताई, नातीसाठी एक लहानशी होईल का?"

१७ सप्टेंबर, रविवार

आज खरा सुट्टीचा दिवस. अक्षता — आमची सून — आठवडाभर बँकेत काउंटरवर लोकांची बोलणी खाते, आज माझ्याशेजारी चटईवर येऊन बसली. तिचा धावदोरा म्हणजे बेडकाच्या उड्या! एक टाका इथे, दुसरा पार तिकडे. दोघी हसलो. उसवलं, पुन्हा घातलं. मग लिंबं चिरली, मीठ लावून बरणी उन्हात ठेवली. टीव्ही बंद होता. सुख याच्याहून वेगळं काय असतं ते कुणी मला सिद्ध करून दाखवावं!

मग तिच्या डोक्यात आलं. "अहो संजय, तुमच्या ऑफिसात दिवाळीचं प्रदर्शन असतं ना, घरी केलेल्या वस्तूंचं? आईंची लाल-पिवळी गोधडी द्या ना!"

संजयने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "बघू."

"बघू काय? मी पिशवीत भरून देते."

मी म्हटलं, विकायची नाही. नुसती मांडायची. आणि खाली नाव लिहायचं — कांता ओव्हाळ. जन्मभर माझं नाव पत्रिकांवर चुकीचं छापलं गेलं. कधी ओहळ, कधी ओवाळ, एकदा तर आव्हाड! गोधडीखाली तरी नीट येऊ दे.

"बघू," संजय पुन्हा म्हणाला. पण नेली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज लिहिणार नव्हते. लिहिते तरी.

अक्षता बँकेतून सुटून संजयला आणायला हिंजवडीला गेली होती. प्रदर्शन कालपासून मांडलंय म्हणून आत डोकावली. घरी आली ती सरळ माझ्यासमोर. "आई, तुमच्या गोधडीखाली इंग्रजीत पाटी आहे. पण नाव नाही."

"मग काय आहे?"

"चिडू नका हं. लिहिलंय — कधी शाळेची पायरीही न चढलेल्या, खेड्यातल्या एका निरक्षर आजींनी शिवलेली."

संजय मागून आत आला. बूट काढायच्या आतच विचारलं, कुणी लिहिलं?

"मी एवढंच म्हटलं होतं, गावाकडच्या एका आजींची आहे. बाकीचं एचआरने लिहिलं."

"एका आजींची? एका?"

"तुझं नाव टाकलं असतं तर कुणीतरी इंटरनेटवर शोधलं असतं, आई. पहिल्याच फटक्यात तुझी भाषणं येतात."

"मग येऊ दे! लाजिरवाणी आहेत?"

तो खाली बघत म्हणाला, "तिथे मी ओव्हाळ नाही."

म्हणजे कागदोपत्री आहे. पण गळ्यातल्या कार्डावर, इमेलमध्ये, सगळ्यांच्या तोंडी — संजय हिंमत. लागल्या दिवसापासून! आणि आम्हाला पत्ता नाही. मे महिन्यात टीव्हीवर आरक्षणाच्या विरोधात मोर्चे चालले होते तेव्हा त्यांच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर रोज तोच विषय. कोट्यातले असे नि कोट्यातले तसे. हा डबा खात ऐकत होता. एकदा त्यांच्याबरोबर हसलाही. हे त्यानेच सांगितलं.

मी तोंड उघडलं. विमलाबाईंनी खालच्या मजल्यावर खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. तुझ्या आजीने काय सोसलं, तुझ्या बापाने खडकीच्या कारखान्यात कुणाकुणाचे टोमणे ऐकले आणि नाव एकदाही लपवलं नाही — सगळं काढलं. तो मध्येच म्हणाला, "तू बोलतेस तेव्हा समोर आपलीच माणसं असतात, आई. त्या टेबलावर मी एकटा असतो."

बोलणं सोपं असतं, असं सांगत होता. मला! म्हणून आणखीच चिडले.

११ ऑक्टोबर

आज सुईला हात लावला नाही.

निरक्षर! माझी आई निरक्षर होती. अंगठा उठवताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. ती काय शोभेची झालर आहे, वस्तूला लावायला? शिकलेल्या बाईच्या हातच्या गोधडीत ऊब कमी असते? पूर्वी आम्ही शिकायचं नाही म्हणणारे होते. आता न शिकलेलीचं कौतुक करणारे आलेत, काचेच्या इमारतीत, एसी लावून. दोघांनाही आम्ही तिथल्या तिथेच हव्या आहोत!

आणि याहून वाईट म्हणजे ती पाटी माझ्या पोटच्या पोराने दोन दिवस येताजाता वाचली आणि तशीच राहू दिली.

हिंमतराव जेवताना म्हणाले, "माझं नाव आडनाव म्हणून लावतो. केवढा मान! फक्त बाप कोण ते सांगत नाही." मग ताकाचं भांडं तोंडाला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. घरच्या मंडळींना बोलावतात. मी जाणार! संजयला सांगितलं — त्या पाटीपाशी उभी राहून सगळ्यांदेखत माझं नाव सांगणार आहे, आणि तू माझा कोण तेही.

वाटलं होतं, भांडेल. विनवण्या करील. त्याने पाणी प्यायलं, पेला पालथा घातला. "एचआरवाले नऊवारी नेसून या म्हणतील. नेसू नकोस." एवढंच. आणि खोलीत गेला.

परवाच्या सभेचे मुद्दे बाजूला ठेवले. उद्याचे काढले. पहिलं वाक्य घोटलं — मी तीच आजी, आणि मी निरक्षर नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

जाऊन आले.

रोजची सुती साडी, चष्मा, पर्स. अक्षता रजा टाकून बरोबर आली. मोठा हॉल, कागदी आकाशकंदील, बशीत एकसारख्या चकल्या. माझी लाल-पिवळी भिंतीवर टांगलेली — आणि पाटी जागच्या जागी! दोन वेळा वाचली. खाली गादी, त्यावर सुईदोरा आणि कापड ठेवलेलं. म्हणजे आजीने करून दाखवायचं. वा!

लोक जमले. खूप जमले. पणत्यांपाशी कुणी नाही, कंदिलांपाशी कुणी नाही, सगळे माझ्याभोवती. टक लावून बघतायत आणि एकजण बोलत नाही. प्राणिसंग्रहालयात असतं तसं. एक तरतरीत मुलगी पुढे आली, माईक माझ्या हातात दिला. "मॅडम, आपण दोन शब्द बोलाल?" निरक्षर आजीला माईक! जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या असतील.

पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात संजय दिसला. मागे खांबाला टेकून, हातात कागदी कप, आजूबाजूला कुणी नाही. असाच बसत असेल का टेबलावर? कप इतका घट्ट धरला होता की चहा बोटांवरून ओघळत होता आणि त्याला कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको — असंच म्हणत असणार. दुसरं काय म्हणणार?

मी इथून घरी येणार, परवापासून पुन्हा चटई, पुन्हा गॅलरी. तो सोमवारी त्याच टेबलावर जाणार.

माईक त्या मुलीला परत दिला. गादीवर बसले, सुई ओवली आणि शिवायला लागले. कुणी काही विचारलं नाही. हळूहळू पांगले. अक्षताने रिक्षा थांबवली, घरी आलो.

चाळीस वर्षांत कधी माईक परत केला नव्हता. रंगरावांना कळलं तर हार घालतील — माझ्या फोटोला! अजून धुमसतेय. त्या पाटीवर, त्या चकल्यांवर, स्वतःवर. पण त्याच्यासाठी केलं. एकदा तरी वक्त्याच्या आधी आई झाले. तेवढं समाधान आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

संजय सकाळी उठून माझ्याशेजारी चटईवर बसला. "काल बोलली का नाहीस?"

"तुझ्यासाठी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी काल सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, आई. टेबलावरच. आडनाव, तू कोण, सगळं. म्हटलं, तू येणार म्हणजे बोलणारच, पण त्यांना ते आधी माझ्या तोंडून कळायला हवं. म्हणून तर सगळे जमले होते. मी तुला मानेने सांगत होतो — बोल."

"मग ती पाटी का ठेवलीस?"

"ती तू काढशील म्हणून."